नकाशावरचं मैदान



पालिकेच्या विषयपत्रिकेवर एक वाक्य अधूनमधून येतं : ‘अमुक गट क्रमांकातील खेळाच्या मैदानाचे आरक्षण वगळून सदर क्षेत्र रहिवास विभागात समाविष्ट करणे.’ जुन्नर असो, मंचर असो की पुणे, भाषा तीच. ते वाचलं की गावात लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, बिल्डरनं नगरसेवक खिशात घातले. दुसरा म्हणतो, शेतकऱ्याला त्याच्या जमिनीचं मोल मिळू द्या की! मला दोघांचंही अर्धंच पटतं.

आधी थोडा कायदा सांगते. (बाईंची खोड, सांभाळून घ्या.) 1966च्या प्रादेशिक व नगररचना कायद्यात कलम 127 आहे. विकास आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत आरक्षित जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक पालिकेला नोटीस देऊ शकतो. त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत, की आरक्षण आपोआप रद्द. ना ठराव, ना मोर्चा. मैदान हातचं जातं ते पुष्कळदा असं, गुपचूप.

आणि मालकाचं काय चुकलं? माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या दीड एकरावर असंच आरक्षण पडलं. त्याला ना घर बांधता येईना, ना बँक दारात उभी करीना, ना गिऱ्हाईक मिळेना. मोबदला म्हणून टीडीआर घ्या म्हणतात, पण लहान गावात तो विकत घेणार कोण? पोरीचं लग्न त्यानं उसनवारीवर केलं. मैदान हवं सगळ्या गावाला आणि झळ सोसायची एका घरानं, हा कुठला न्याय? फेब्रुवारी 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात बजावलं, की आरक्षणाच्या नावाखाली जमीन वर्षानुवर्षं अडवून ठेवता येणार नाही. ती जागा 33 वर्षं अडकली होती.

पण म्हणून मागेल त्याचं आरक्षण उठवावं, असंही नाही. बंगळूरूला बागेसाठी राखलेली जागा मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून एका खाजगी रुग्णालयाला दिली गेली. रहिवासी कोर्टात गेले आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयातही जिंकले. रुग्णालय चांगलंच, पण ते बागेच्या जागेवर नको, एवढा साधा मुद्दा होता.

पुण्याची कथा तर आपल्या डोळ्यांसमोरची. जुन्या हद्दीचा आराखडा 2007 ते 2027 या वीस वर्षांचा. 2013मध्ये मसुद्यावर 80 हजारांहून जास्त हरकती आल्या. 2015मध्ये सरकारनं तो महापालिकेकडून काढून घेतला, शेकडो आरक्षणं वगळण्याची शिफारस झाली, आणि मंजुरी मिळाली 2017 साली. म्हणजे वीसातली दहा वर्षं मंजुरीतच गेली!

आमच्या भागात मैदान ही चैन राहिलेली नाही. पूर्वी पोरं ओढ्याकाठी, उसाच्या बांधावर, कुठंही खेळायची. आता दिवेलागणीला आया हाका मारमारून पोरं घरात घेतात. 2025च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेजारच्या शिरूर तालुक्यात पिंपरखेडला बिबट्याच्या हल्ल्यात मुलं गेली आणि लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. अशा मुलखात वस्तीच्या मधोमध, उजेड असलेली, कुंपण घातलेली एक मोकळी जागा हवीच. तालीम हवी, खो-खोचं अंगण हवं. जलतरण तलाव आणि ‘क्रीडासंकुल’ नंतर बघू.

म्हणून माझं मत असं, की पालिकेनं दहा आरक्षणं रंगवू नयेत, दोन रंगवावीत आणि ती पैसे मोजून विकत घ्यावीत. अंदाजपत्रकात दरवर्षी भूसंपादनाची रक्कम बाजूला काढायची आणि तिला हात लावायचा नाही. उरलेल्या आठ जणांना मोकळं करायचं. क्रीडाप्रेमी मंडळी माझ्यावर रागावतील, पण नकाशावरच्या दहा मैदानांपेक्षा पायाखालची दोन मला चालतील.

शिवाय फुकटची जागा आहेच की. राज्याच्या एकत्रित नियमावलीप्रमाणे, 4000 चौरस मीटर म्हणजे साधारण एक एकर किंवा त्याहून मोठ्या जागेचा लेआउट केला, तर 10 टक्के मोकळी जागा सोडावी लागते. ती जाते कुठं? कोपऱ्यातला वेडावाकडा तुकडा दाखवायचा, मग तिथं मंडळाची शेड, मग पाण्याची टाकी. आणि गुंठा-दोन गुंठे करून विकलेल्या जमिनीत तर ही भानगडच नाही, मोकळी जागाच नाही! गुंठेवारीवर एकदा सविस्तर लिहायचं आहे.

डिसेंबर 2025च्या निवडणुकांनंतर नगरपरिषदा-नगरपंचायतींत पुन्हा निवडून आलेले लोक बसले आहेत. त्याआधी काही वर्षं प्रशासकच सगळं बघत होते, त्यामुळे विचारायचं कुणाला हाच प्रश्न होता. आता विचारता येईल. आरक्षण बदलायचा ठराव झाला की कलम 37खाली वर्तमानपत्रात सूचना येते आणि हरकतीला एक महिना मिळतो. सूचना बारीक टाइपात असते, चष्मा लावून वाचावी. हरकतीत गट क्रमांक आणि आरक्षणाचा क्रमांक जरूर लिहा, पोच शिक्क्यानिशी घ्या, आणि सुनावणीची तारीख पडली की दोघं-चौघं मिळून जा.