आवाज कुणाचा?

परवा माझ्या सख्ख्या आईने मला ओळखायला नकार दिला. सिरियसली!

झालं असं की, संध्याकाळी दादरला पाऊस, गर्दी, धक्काबुक्की... आणि ब्रिज उतरल्यावर लक्षात आलं की पर्सची चेन उघडी आहे. मोबाइल गायब! पैसे मोबाइलमध्ये, पास मोबाइलमध्ये, माझं अख्खं आयुष्यच मोबाइलमध्ये. शेजारी उभ्या असलेल्या एका भल्या मुलीने तिचा फोन दिला. आता प्रश्न असा की, लावायचा कुणाला? मला पाठ असलेला जगातला एकमेव नंबर म्हणजे साताऱ्याला आईचा. लावला.

"आई, मी बोलतेय. अगं मोबाइल चोरीला गेला. याच नंबरवर पाचशे रुपये टाक ना पटकन."

पलीकडे शांतता. मग थंड आवाजात, "मी म्हणजे कोण?"

"अगं मी! मी गं!"

"बरं. गेल्या दिवाळीत चकल्या कशा झाल्या होत्या?"

दादर स्टेशन. चकल्या. ती मुलगी घड्याळाकडे बघतेय. मी घाईघाईत म्हटलं, "छान झाल्या होत्या गं, एकदम मस्त!"

खट्. फोन कट!

दहा मिनिटांनी त्याच नंबरवर माझ्या रूममेटचा फोन आला. आईने तिला कामाला लावलं होतं. "सकाळी गॅस चालू कुणी ठेवला होता?" तिने विचारलं. "तू!" मी ओरडले. "हीच आहे काकू," असं तिने साताऱ्याला कळवलं आणि मग कुठे पाचशे रुपये आले. ती अनोळखी मुलगी तोपर्यंत थांबली, तिला साष्टांग नमस्कार.

रात्री मी आईवर चिडले. तर ती म्हणते, "माझी मुलगी असती तर 'चकल्या मऊ पडल्या होत्या' म्हणाली असती. एवढं गोड बोलतेय म्हणजे मशीनच असणार!"

घ्या.

तर आईला हा फंडा शिकवला तिच्या धाकट्या बहिणीने. आणि मावशीला शिकवला थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी. म्हणजे, त्यांच्या आवाजाने.

मावशी न्यू हॅम्पशायर राज्यात नॅशुआ नावाच्या गावात राहते. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी तिथे पक्षांची आपापली निवडणूक होते, ती प्रायमरी. २०२४ ची प्रायमरी २३ जानेवारीला, मंगळवारी होती. त्याआधीच्या रविवारी मावशीचा फोन वाजला आणि पलीकडून साक्षात जो बायडन बोलू लागले. सुरुवातीलाच त्यांचा तो लाडका शब्द, 'मलार्की'. म्हणजे आपल्या भाषेत निव्वळ फालतूपणा. पुढचा मतितार्थ असा, की मंगळवारी मत द्याल तर फायदा रिपब्लिकनांचा होईल, तुमचं मत नोव्हेंबरसाठी जपून ठेवा.

आता जरा विचार करा. जानेवारी महिना, बाहेर बर्फ, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष सांगतायत की घरीच बसा. मावशीने मनातल्या मनात मंगळवारचा उपम्याचा बेतही करून टाकला. सोमवारी बातम्यांमधून कळलं की आवाज बनावट होता. तसे फोन राज्यातल्या हजारो मतदारांना गेले होते.

यातली गंमत पुढे आहे. हा उद्योग ना रशियाचा निघाला, ना चीनचा. तो निघाला स्टीव्ह क्रेमर नावाच्या राजकीय सल्लागाराचा, आणि तोही डेमोक्रॅट्ससाठीच कामं करणारा! बायडन यांच्याविरुद्ध प्रायमरीत उतरलेले डीन फिलिप्स यांच्यासाठी त्याने काम केलं होतं. आपल्याला यातलं काही माहीत नव्हतं, असं फिलिप्स यांच्या टीमने सांगितलं. क्रेमर म्हणाला, एआयचा धोका लोकांच्या लक्षात यावा म्हणून मीच हे केलं. ती क्लिप बनवली न्यू ऑर्लीन्समधल्या एका जादूगाराने. खरंच जादूगार, स्टेजवर प्रयोग करणारा! त्याने एनबीसीला सांगितल्याप्रमाणे त्याला या कामाचे मिळाले १५० डॉलर्स. बनवायला लागली वीस मिनिटांपेक्षा कमी आणि खर्च आला जेमतेम एक डॉलर.

एक डॉलर! एवढ्यात आपल्याकडे मॉलमध्ये धड कॉफीही मिळत नाही.

नंतर सगळं रीतसर झालं. ८ फेब्रुवारी २०२४ ला तिथल्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने जाहीर केलं की, माणसाच्या संमतीशिवाय त्याला केलेल्या अशा यांत्रिक कॉल्समध्ये एआयचा आवाज वापरणं बेकायदा आहे. क्रेमरला ६० लाख डॉलर्सचा दंड ठोठावला. फौजदारी खटलाही उभा राहिला. आणि जून २०२५ मध्ये ज्यूरीने त्याला सगळ्या आरोपांतून मोकळं केलं. बचाव असा होता, की पक्षाची या प्रायमरीला मान्यताच नव्हती, मग मतदान अडवलं असं म्हणायचं कसं?

आणि दुसऱ्या पक्षाने फार हुरळून जायला नको. २०२३ च्या जूनमध्ये रॉन डिसँटिस यांच्या प्रचारटीमने एक व्हिडिओ टाकला होता. त्यात डोनाल्ड ट्रम्प आणि कोरोनाकाळातले आरोग्यतज्ज्ञ अँथनी फाउची यांचे गळाभेटीचे फोटो होते. खऱ्या फोटोंमध्ये एआयने बनवलेले फोटो बेमालूम मिसळलेले. डिसँटिसही रिपब्लिकन आणि ट्रम्पही रिपब्लिकन. म्हणजे दोन्हीकडे घरच्यांनीच घरच्यांवर प्रयोग केले.

मला मात्र या सगळ्यापेक्षा दुसऱ्याच एका किश्श्याने जास्त घाबरवलं. त्यात बनावट काहीच नव्हतं.

७ ऑगस्ट २०२४. डेट्रॉइटच्या विमानतळावर कमला हॅरिस यांची सभा. हजारो लोक हजर, डझनावारी कॅमेरे, लाइव्ह प्रक्षेपण. चारच दिवसांनी ट्रम्प यांनी जाहीर करून टाकलं की, तिथे कुणी नव्हतंच, ती गर्दी एआयने बनवलेली आहे! सभेला गेलेली हजारो माणसं टीव्हीसमोर बसून ऐकतायत की आपण अस्तित्वातच नव्हतो. ज्यांना ट्रम्प आवडतात त्यातल्या अनेकांनी हे मानलंही.

कळतंय का, काय झालं ते? खोटा आवाज बनवायला निदान एक डॉलर लागतो. खऱ्याला खोटं ठरवायला तेवढाही लागत नाही. नुसतं 'एआय आहे' म्हणायचं आणि हात झटकायचे.

आता म्हणाल, अमेरिकेचं पुराण पुरे. तर मग घरी या. २०२४ ची आपली विधानसभा आठवा. मतदान २० नोव्हेंबरला. आदल्या रात्री बिटकॉइनच्या पैशांबद्दलच्या ऑडिओ क्लिप्स बाहेर आल्या. आवाज सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे, असं सांगितलं गेलं. दोघांनीही तो आपला आवाज नाहीच म्हणून सांगितलं. तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार मात्र म्हणाले की, मी दोघांबरोबर काम केलंय, बोलण्याच्या लकबीवरून आवाज ओळखू येतो. आणि फॅक्ट चेकिंग करणाऱ्यांनी क्लिप्स तपासून सांगितलं की, त्यातल्या बहुतेक एआयने बनवलेल्या दिसतात.

राजकारण बाजूला ठेवा. मला त्यात एक घर दिसलं. बहिणीचा आवाज खरा की खोटा यावर भाऊ साक्ष देतोय, बहीण नाही म्हणतेय, आणि मध्ये एक मशीन. आणि आपल्याला दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता रांगेत उभं राहून बटण दाबायचंय. तपासायला वेळ कुठाय?

'आवाज कुणाचा?' ही शिवसेनेची घोषणा ऐकत आपली पिढी मोठी झाली. तेव्हा उत्तर तयार असायचं. कधी काळी हा खराखुरा प्रश्न होईल, असं वाटलं होतं का कुणाला?

बरं, सरकार काही करेल म्हणाल, तर तिकडची कथा ऐका. बायडन यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये एआयवर लगाम घालणारा लांबलचक आदेश काढला. त्यांचे एक सहकारी ब्रूस रीड यांनी नंतर सांगितलं की, आधीच काळजीत असलेल्या बायडन यांनी टॉम क्रूझचा नवा 'मिशन इम्पॉसिबल' पाहिला आणि काळजी आणखी वाढली. त्यात व्हिलन एआयच आहे! रिपब्लिकन पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात तो आदेश रद्द करू असं लिहिलं, आणि २० जानेवारी २०२५ ला, शपथ घेतली त्याच दिवशी, ट्रम्प यांनी तो रद्द केलासुद्धा. एका पक्षाला एआय म्हणजे धोका, दुसऱ्याला एआय म्हणजे चीनशी शर्यत. सरकार बदललं की नियम बदलणार. आपला फोन मात्र दोन्ही सरकारांत सारखाच वाजणार.

अँड्र्यू यँग आठवतायत का? २०२० च्या शर्यतीतले डेमोक्रॅट इच्छुक. यंत्रं नोकऱ्या खाणार, म्हणून प्रत्येक प्रौढाला महिना हजार डॉलर्स द्या, असं ते गावोगाव सांगत होते. ट्रक आपोआप चालतील, ड्रायव्हर घरी बसतील, ही त्यांची काळजी. न्यू हॅम्पशायरच्याच प्रायमरीच्या रात्री त्यांनी शर्यत सोडली. मला तेव्हा वाटलं होतं, ड्रायव्हरांचं अवघड आहे बाबा. आज ड्रायव्हर ट्रक चालवतायत आणि 'याचा पहिला ड्राफ्ट एआयने केलाय, तू फक्त हात फिरव, पैसे निम्मे' अशी मेल मला येते. म्हणजे मुद्दा खरा होता, पत्ता तेवढा चुकला.

या सगळ्या गोंधळात माझ्या आईने दादरच्या त्या फोनवर जे केलं, ते मी चार दिवस आठवतेय. चिडून झालं, आता शांतपणे.

शंका आईनेही घेतली आणि डेट्रॉइटच्या गर्दीवर ट्रम्प यांनीही घेतली. पण दोन्ही शंका एक नाहीत. ट्रम्प शंका घेऊन थांबले. हजारो साक्षीदारांतल्या एकालाही विचारायची त्यांना गरज वाटली नाही, कारण उत्तर त्यांना नकोच होतं. आईने शंका घेतली, प्रश्न विचारला, फोन ठेवला आणि लगेच दुसरा फोन उचलला. समजा पोरगी खरीच अडकली असेल तर? ती काळजी तिने सोडली नाही. तिला खरं काय ते हवं होतं.

न्यू हॅम्पशायरमध्येही तेच झालं. त्या कॉलच्या शेवटी यादीतून नाव काढण्यासाठी एक नंबर दिला होता. तो होता तिथल्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या एका माजी अध्यक्षांचा, त्यांना न विचारता घातलेला. लोकांनी त्यावर फोन केले. बाईंना पत्ताच नव्हता. त्यांनी तक्रार केली आणि बिंग फुटायला सुरुवात झाली. कुठलं सॉफ्टवेअर नाही की काही नाही. माणसांनी माणसांना फोन केले, बस्स!

आणि मावशी? उपमा रद्द. मंगळवारी बर्फ तुडवत गेली. बायडन यांचं नाव छापील मतपत्रिकेवर नव्हतंच, कारण पक्षाला पहिली प्रायमरी साउथ कॅरोलिनात हवी होती आणि न्यू हॅम्पशायर ऐकत नव्हतं. त्यामुळे ज्यांना त्यांना मत द्यायचं होतं त्यांना नाव हाताने लिहावं लागलं. मावशीनेही पेनाने लिहिलं. तशाच हाताने लिहिलेल्या मतांवर बायडन तिथे जिंकले.

तर दोस्तहो, एक छोटं काम. आज घरी गेल्यावर आई-बाबांबरोबर एक प्रश्न ठरवून टाका. पाळलेल्या कुत्र्याचं नाव नको, ते तुम्ही फोटोखाली शंभरदा लिहिलेलं असतं. घरातलं काहीतरी. फसलेला पदार्थ, जुनं भांडण, असलं. आणि पुढच्या निवडणुकीत कुणी म्हणालं 'ही क्लिप बघा', तर विचारा, मिळाली कुठून? आणि कुणी म्हणालं 'फेक आहे', तर तेही विचारा, मग खरं काय, आणि ते तपासलंत कुणाकडे? दोन्हीकडचे गडबडतील. गडबडू देत.

मी आणि आईने आमचा प्रश्न बदललाय. तो अर्थातच इथे सांगणार नाही. उत्तर मात्र पुन्हा कडूच ठेवलंय. गोड बोलणारे काय, मशीनसुद्धा असतात. आणि उमेदवार तर असतातच!