आज रोख, उद्या उधार

दिवाळी अंक वाचकांच्या प्रेमावर चालतो, असं म्हणायची रीत आहे. छापखान्याचं बिल मात्र जाहिरातदार भरतो. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मासिक मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ही परंपरा सुरू केली. पुढे ती मुंबई-पुण्यातून तालुक्या-खेड्यांपर्यंत झिरपली, ती पेठेच्या जिवावर. कापडवाला अर्धं पान घ्यायचा, सराफ पाव पान, भांडीवाला आणि सायकल मार्टवाला मिळून एक पट्टी. मजकूर एकच असे, ‘आमच्या सर्व ग्राहकांना दीपावलीच्या हार्दिक शुभेच्छा’. आता आमच्यासारख्यांच्या अंकात जाहिराती येतात त्या कृषी सेवा केंद्रांच्या, पतसंस्थांच्या, दवाखान्यांच्या, स्पर्धा परीक्षेच्या क्लासच्या आणि पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं मनात असलेल्यांच्या. पेठेची पानं कमी झाली. तेव्हा बंद पडणाऱ्या दुकानांबद्दल आम्ही लिहितो त्यात आमचा स्वार्थ आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

रनाळ्याचंच पाहा, नंदुरबार आणि दोंडाईचा या दोन बाजारपेठांच्या मधलं हे गाव. अशा मधल्या गावांची बाजारगल्ली जगली ती अंतरामुळे. बैलगाडीने किंवा एसटीने नंदुरबारला जायचं म्हणजे दिवस मोडायचा. मग मीठ-तेल, धोतर-लुगडं, कंदिलाची काच, पाटी-पेन्सिल गावातच घेतली जाई. मोटारसायकल घरोघर आली आणि हे अंतर संपलं. १ जुलै १९९८ ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. दाखला, तारीख, दवाखाना, काही ना काही कामासाठी माणूस नंदुरबारला जाऊ लागला. गेला की पिशवी भरूनच येतो.

दुसरी ओढ सुरतेची. तापी खोऱ्यातल्या रेल्वेने खानदेशाला सुरत जवळ केली, त्याला सव्वाशे वर्षं होत आली. उधना, लिंबायत भागात आपली किती माणसं राहतात हे वेगळं सांगायला नको. ती दिवाळीला येतात तेव्हा बॅगेत सगळ्या घराचे कपडे असतात, थेट कापडाच्या गावातून आणलेले. गावातल्या कापड दुकानदाराने त्याच सुरतेहून ठोकात आणलेला माल मग कोण बघणार? त्यात आता पार्सलं. गल्लीत पाठीला मोठी पिशवी लावलेला पोरगा फिरतो, त्याला घरांचे नंबर दुकानदारापेक्षा जास्त पाठ असतात.

नोटाबंदीचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ८ नोव्हेंबर २०१६ म्हणजे दिवाळी उलटून जेमतेम आठवडा. कापूस घरात यायला लागलेला, मिरचीचा हंगाम तोंडावर. आमच्याकडचं वर्ष याच दिवसांत रोखीने उभं राहतं. पाठोपाठ १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. (जिल्ह्याचा वाढदिवस आणि जीएसटीचा वाढदिवस एकच, हा योगायोग आमच्या व्यापाऱ्यांना चांगला लक्षात आहे.) पण सगळं खापर या दोन तारखांवर फोडणं सोयीचं असलं तरी खरं नाही. गल्लीतली कितीतरी दुकानं तोट्यामुळे बंद झालीच नाहीत. गादीवर बसायला कोणी उरलं नाही म्हणून ती बंद झाली. पोरगा शिकला, नाशिक-पुण्याला लागला. बापानेच त्याला शिकवला, याच गल्ल्यातून फी भरली. सकाळी सातला शटर उचलून रात्री नऊला खाली ओढायचं आयुष्य पोराने घ्यावं, असं बापाला तरी कुठे वाटत होतं? ‘धंदामा आते काही ऱ्हायनं नही,’ असं म्हातारा दुकानदार म्हणतो तेव्हा त्यात थोडी सुटकाही असते.

विलायतेतही मोठ्या रस्त्यावरची दुकानं मिटली. २००८-०९ मध्ये वूलवर्थ्स या दुकानसाखळीची आठशेच्या आसपास दुकानं काही आठवड्यांत बंद झाली. सरकारने मेरी पोर्टास नावाच्या बाईंना नेमून २०११ मध्ये अहवाल घेतला, त्यात २८ शिफारशी होत्या. रस्ते त्याने फारसे भरले नाहीत. तिथे भाडं आणि कर यांचा जाच आहे, त्यामुळे दुकान गेलं की काचेवर पाटी लागते आणि कोणीतरी मोजतं. आमच्याकडे पुढे दुकान, मागे घर. शटर पडलं तरी माणसं आतच राहतात, ओट्यावर तांदूळ निवडतात. बंद दुकानाचं पुन्हा घर होतं आणि मोजणीत ते कुठेच येत नाही.

मग गेलं काय? वस्तू तर मिळतातच, आणि बऱ्याचदा स्वस्त. आमच्या मते गेली ती उधारी. किराणा दुकानात ‘आज रोख, उद्या उधार’ अशी पाटी असायची आणि तिच्याच खाली बसून शेट खातेवहीत नावं लिहायचा. पेरणीपासून कापूस विकेपर्यंत चार-पाच महिने घर त्या वहीवर चालायचं. पाऊस लांबला तर वहीही लांबायची. कोणाच्या घरी लग्न आहे, कोणाचा बैल गेला, कोणाची मिरची पथारीवर वाळत असताना अवकाळीत भिजली, हे दुकानदाराला माहीत असे, आणि वसुलीला कधी जायचं नि कधी जायचं नाही हे तो त्यावरून ठरवी. २०२० च्या टाळेबंदीत रस्ते बंद झाले, तेव्हा मोबाइलवरून मागवणाऱ्यांनीही याच गल्लीत येऊन वहीत नाव लिहिलं. रस्ते उघडल्यावर त्यातले किती जण परत आले, हे दुकानदाराला विचारू नका.

पण या वहीसाठी डोळे पुसण्याआधी तिची मागची पानंही उलटली पाहिजेत. १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकार-दुकानदारांना घेरलं. त्यांनी धान्याआधी वह्या आणि कर्जरोखे मागितले, आणि जाळले. आपल्या जिल्ह्यात इतकं मागे जायचीही गरज नाही. शहाद्याकडे १९७१-७२ मध्ये अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटना यांनी आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न उठवला. त्या जमिनी अशाच आकड्यांमागून गेल्या होत्या, मीठ-तेलाची उधारी, तिचं व्याज, व्याजाचं व्याज, आणि शेवटी अंगठा. १९७४ मध्ये जमिनी परत करण्याचा कायदा करावा लागला. २०११ च्या जनगणनेत ज्या जिल्ह्याची ६९ टक्के वस्ती आदिवासी आहे, तिथे जुन्या पेठेची आठवण सगळ्यांची सारखी गोड असणार नाही. दुकानदारासमोर उकिडवं बसून सामान मागितलेल्या माणसाच्या नातवाला मोबाइलवर वस्तू मागवताना कोणाच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. याला आम्ही ऱ्हास म्हणायला तयार नाही.

तरी नव्या उधारीबद्दल धास्ती वाटते. वहीची जागा आता बचत गटाच्या, मायक्रोफायनान्सच्या आणि मोबाइलच्या हप्त्यांनी घेतली. बचत गटाने बायकांच्या हाती पैसा दिला, हे मोठंच काम. पण हप्त्याचा वार ठरलेला असतो, पावसाचा नसतो. वसुलीला येणारा पोरगा दर वेळी नवा. भिजलेली मिरची त्याने पाहिलेली नसते आणि पाहिली तरी हप्ता पुढे ढकलणं त्याच्या हातात नाही.

‘गावातच खरेदी करा’ असं आवाहन आम्ही करणार नाही. दयेपोटी कोणी दोन रुपये जास्त देत नाही आणि देऊही नयेत. पण पेठ आपोआप उगवते, हा समजही सोडावा. १८१९ मध्ये इंग्रज अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने धुळं खानदेशाचं मुख्य ठाणं केलं तेव्हा तिथे जेमतेम अडीच हजार वस्ती आणि चारशे घरं होती. त्याने बांधायला बिनभाड्याच्या जागा दिल्या, आगाऊ रक्कम दिली, बाहेरून कारागीर आणून वसवले. म्हणजे पेठ वसवावी लागते, आणि त्यासाठी दर वेळी ब्रिग्ज लागतो असंही नाही. बाजाराच्या दिवशी डोंगराकडून आलेल्या बाईला बसायला सावली, प्यायला पाणी आणि स्वच्छ मुतारी एवढं ग्रामपंचायतीला करता येईल. ती बाई आज बाजार अर्धा टाकून घाईने परत का फिरते, हे एकदा तिलाच विचारावं. पंचायतीचे गाळे लिलावात सर्वांत जास्त अनामत भरणाऱ्याला देण्याऐवजी एखादा गाळा शिलाई करणाऱ्या, भाकरी-ठेचा विकणाऱ्या बायकांना देऊन बघावा. एक वर्ष चालला नाही तर काढून घ्या.

आणि पेठेतल्या जुन्या घरांना एक विनंती. वहीपूजनाला आता लॅपटॉप ठेवला जातो, ठेवा; पण माळ्यावरच्या लाल कापडी बांधणीच्या खातेवह्या रद्दीत घालू नका. साफसफाईत सापडल्या तर लाभपंचमीनंतर कधीही आम्हाला कळवा, आम्ही येऊन पाहू. नावं झाकून, दर, माल आणि हंगाम तेवढे उतरवून घेऊ. ज्यांच्या आजोबा-पणजोबांची नावं उधारीच्या बाजूला आहेत, त्यांच्याकडेही जाणार आहोत, कारण वहीत रक्कम लिहिलेली असते, ती कशी फिटली ते त्यांच्याच घरी माहीत आहे. दोन्हीकडचं जमलं तर पुढच्या अंकात छापू, त्या पानांवर जाहिरात नसेल.