पुया आणि त्यांचे वाचक

यंदाचा दिवाळी अंक हस्तलिखितांना वाहिलेला असून त्याच्या आरंभी मणिपूरच्या मैतेई समाजाच्या ‘पुया’ या प्राचीन ग्रंथांचा विचार अगत्याचा ठरतो. विश्वोत्पत्तीच्या कथा, वंशावळी, ज्योतिष असे नाना विषय सामावणारे हे ग्रंथ ‘माइचौ’ म्हणजे पारंपरिक विद्वानांनी पिढ्यान्‌पिढ्या जपले. त्यांपैकी ‘चैथारोल कुंबाबा’ ही राजदरबाराची बखर इ. स. ३३ पासूनचा वृत्तांत सांगते. आरंभीच्या शतकांवर दंतकथांचा दाट थर असला, तरी १४८५ मध्ये राजा क्यांबाच्या काळी ‘चैथाबा’ची प्रथा सुरू झाल्यापासूनच्या तिच्या नोंदी बऱ्याच विश्वसनीय मानल्या जातात. या प्रथेनुसार राजाचे व राज्याचे वर्षभराचे अरिष्ट एक निवडलेला माणूस स्वतःच्या शिरावर घेई आणि त्या वर्षाला त्याचेच नाव मिळे. राजांच्या बखरीत वर्षे मोजली जावीत ती अरिष्ट झेलणाऱ्यांच्या नावांनी, ही गोष्ट इतिहासाच्या कोणत्याही अभ्यासकाला खिळवून ठेवणारी आहे.

वैष्णव पंथ स्वीकारलेल्या राजा पामहैबाने, सिल्हेटहून आलेल्या शांतिदास गोसाईंच्या प्रभावाखाली, १७२९ च्या सुमारास इंफाळच्या कांगला या राजपीठात पुया जाळविल्या. लपवून ठेवलेल्या प्रती वाचल्या खऱ्या. परंतु पुढे बंगाली लिपीने मैतेई मयेक या मूळ लिपीची जागा घेतली आणि घरात पोथी असूनही ती उघडून वाचणारे उरले नाहीत, हे नुकसान आगीहूनही खोल होते. या लिपीत ‘क’ला कोक म्हणजे डोके, ‘म’ला मित म्हणजे डोळा, तर ‘न’ला ना म्हणजे कान असे नाव आहे, अक्षरांना शरीराच्या अवयवांची नावे देणारी ही वर्णमाला १९८० मध्ये राज्य सरकारने मान्य केली आणि पुढे ती शाळांत शिकवली जाऊ लागली. मात्र १३ एप्रिल २००५ रोजी याच लिपीच्या आग्रहापायी आंदोलकांनी इंफाळचे राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पेटवले आणि लाखाहून अधिक पुस्तके भस्मसात झाली. मागणी रास्त होती, कृत्य अक्षम्य होते. बंगाली लिपीत छापलेले मैतेई साहित्य हेही मैतेई साहित्यच होते.

आज मुले मयेक वाचतात, तथापि पुयांची भाषा इतकी जुनी आहे की अक्षरे लागली तरी अर्थ लागत नाही, शिवाय काही पुयांचे प्राचीनत्व विवाद्य आहे. म्हणून प्रती ताडून पाठभेद नोंदवणाऱ्या आणि काळाचे दावे निर्भयपणे तपासणाऱ्या संपादकांची तेथे आता निकड आहे.