घळीचा वाटाड्या

ऑस्ट्रेलियाच्या वायव्य टोकाला किंबर्ली नावाचा प्रदेश आहे. विस्ताराने तो महाराष्ट्राहून मोठा. वस्ती मात्र आपल्याकडील एखाद्या मध्यम शहरात सहज सामावेल एवढीच. पावसाळ्यात नद्या फुगून रस्ते बंद होतात. मे ते सप्टेंबर या कोरड्या महिन्यांत तेथे सहलींचा हंगाम असतो. चारही चाकांना जोर पुरविणाऱ्या दणकट गाड्या प्रवाशांना घेऊन ब्रूम किंवा डर्बीहून निघतात, सुमारे ६६० किलोमीटरच्या गिब रिव्हर रस्त्याने लाल धुरळा उडवीत जातात, रात्री तंबू ठोकतात आणि दिवसा एकेका घळीत उतरतात. गाडी हाकणे, शेगडी पेटविणे आणि माहिती सांगणे ही तिन्ही कामे बहुधा एकच वाटाड्या करतो. पहिल्या दोन कामांविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो तिसऱ्या कामाचा.

या सहलींच्या जाहिरातींत हा मुलूख नेहमी ‘दुर्गम’ आणि ‘अस्पर्श’ असतो. दुर्गम खरा, पण कोणासाठी? पर्थ किंवा सिडनीच्या कचेरीत बसणाऱ्यासाठी. बुनुबा आदिवासींसाठी ते घर आहे. येथील नेपिअर डोंगररांगेतील एका गुहेत माणसाच्या वास्तव्याच्या ४० हजार वर्षांहून जुन्या खुणा सापडल्या आहेत. मोहेंजोदडोचे वय पाच हजार वर्षांच्या आत आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे ‘अस्पर्श’ हा शब्द किती पोकळ आहे ते कळते.

तो रस्तादेखील पर्यटकांसाठी झालेला नाही. लक्षावधी एकरांच्या कुरणांवरील (त्यांना तेथे ‘स्टेशन’ म्हणतात) गुरे डर्बी व विंडम या बंदरांकडे नेण्यासाठी तो काढला गेला. त्या गुरांमागे घोड्यावरून धावणारे गडी बहुसंख्य आदिवासी होते आणि त्यांना गोऱ्या गड्यांइतके वेतन मिळत नसे. समान वेतन द्यावे, असा निर्णय १९६६ मध्ये लवादाने दिला व डिसेंबर १९६८ पासून तो अमलात आला. अनेक मालकांनी वेतन वाढविण्याऐवजी कुटुंबेच्या कुटुंबे स्टेशनांवरून बाहेर काढली. पिढ्यान्‌पिढ्या ज्या भूमीवर राहिले, तिच्या कुंपणाबाहेर, फिट्झरॉय क्रॉसिंगसारख्या गावांच्या कडेला ही माणसे तळ ठोकून राहिली. न्याय्य निर्णयाचेही असे विपरीत फळ निघू शकते.

आता घळीत उतरू. विंडजाना घळ, बुनुबा भाषेत बांडिलंगन, ही लेनर्ड नदीने चुनखडीत कापलेली तीनेक किलोमीटरची चीर आहे. तिचे उभे कडे म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांहूनही आधी उथळ समुद्रात वाढलेला प्रवाळसदृश बांध होय. कोरड्या ऋतूत नदी डबक्यांपुरती उरते आणि वाळूवर गोड्या पाण्यातील मगरी पहुडलेल्या असतात. हे सारे वाटाडे सांगतात, पुष्कळदा फार चांगले सांगतात.

पण याच घळीत नोव्हेंबर १८९४ मध्ये लढाई झाली. जंदमारा हा तरुण बुनुबा आधी स्टेशनवरचा कुशल गडी होता, पुढे पोलिसांसाठी आपल्याच लोकांचा माग काढू लागला. गळ्यात साखळ्या घालून आणलेल्या कैद्यांत स्वतःचे आप्त दिसले तेव्हा त्याने बरोबरच्या शिपायाला गोळी घातली व कैदी सोडविले. घळीतील चकमकीत तो जखमी झाला, तरी निसटला आणि दोन वर्षांहून अधिक काळ हाती लागला नाही. अखेर १ एप्रिल १८९७ रोजी दिमालुरू या भुयारी ओढ्यापाशी, बाहेरच्या मुलखातून आणलेल्या दुसऱ्या एका आदिवासीच्या गोळीने तो पडला. गोरे त्याला ‘पिजन’, म्हणजे कबूतर, म्हणत. शेकोटीभोवती सांगितल्या जाणाऱ्या रूपात हा माणूस सहज एक रंगतदार दरोडेखोर होऊन जातो. साखळ्या कोणी घातल्या आणि कशासाठी, हा भाग जेवणाची वेळ झाली म्हणून गळतो.

डर्बीजवळचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे बोअॅबचा एक प्रचंड वृक्ष आहे, खोडाचा घेर १४ मीटरहून अधिक आणि आतून पोकळ. (आपली गोरखचिंच ही याचीच भावंड, ती पाहिलेल्याला त्या सुजलेल्या खोडाची कल्पना येईल.) या पोकळीत आदिवासी कैदी रात्रभर कोंडीत, अशी कथा वर्षानुवर्षे सांगितली गेली आणि झाडाचे नावच ‘तुरुंगवृक्ष’ पडले. संशोधकांना तसा वापर झाल्याचा पुरावा मिळालेला नाही. स्थानिक आदिवासींच्या दृष्टीने ते पवित्र स्थान आहे. म्हणजे साखळ्यांचा खरा इतिहास मागे पडला आणि खोटा तुरुंग छायाचित्रासाठी उभा राहिला. शिवाय ज्यांचे ते दैवत, त्यांना या कथेबद्दल कोणी विचारले नाही.

यावर आक्षेप येईल की, सहलीला आलेला माणूस विश्रांतीसाठी येतो, इतिहासाच्या तासाला बसण्यासाठी नव्हे. आक्षेप अगदीच खोटा नाही. परंतु वाटाड्या काहीच बोलत नसता तर तो लागू पडला असता. तो बोलतोच, मग कोणाची हकीकत बोलतो हे पाहणे भाग आहे. दुसरी भीती धंद्याची असते: स्थानिकांना अधिकार दिले तर ते जागा बंद करतील आणि प्रवासी पाठ फिरवतील. याच देशाच्या मध्यभागी असलेल्या उलुरू या महाशिळेची मालकी १९८५ मध्ये आदिवासींकडे परत आली. शिळेवर चढण्याची प्रथा मात्र २०१९ च्या ऑक्टोबरपर्यंत चालू राहिली व नंतरच कायमची बंद झाली. तरी लोक उलुरू पाहण्यास येतच आहेत.

पर्यटनच नको, असे म्हणणाऱ्यांशीही माझे जमत नाही. किंबर्लीच्या दक्षिणेला पिलबरा प्रदेशात, ४६ हजार वर्षांच्या वास्तव्याची साक्ष देणारी जूकन घळीतील गुहा २०२० च्या मे महिन्यात लोहखनिजासाठी सुरुंगाने उडविली गेली, आणि कायद्याने तशी परवानगी होती. घळीला येणारा-जाणारा असणे हे कधी कधी संरक्षणही ठरू शकते, अर्थात त्या घळीचे मोल समजावून सांगणारे कोणी असेल तर.

१९९२ च्या माबो निकालाने आदिवासींचा भूमीवरील मूळ हक्क तत्त्वतः मान्य झाला. हक्क मिळणे आणि हंगामात स्वतःची गाडी रस्त्यावर काढता येणे यांत मात्र बरेच अंतर आहे. गाडी महाग, हंगाम तोकडा, आणि ग्राहक आधीच शहरातल्या कंपनीशी बांधलेला. तरीही काही बुनुबा मंडळींनी स्वतः सहली नेल्या आहेत. इतर कंपन्यांसाठी परवान्यातच एक अट घालता येईल व तिची सुरुवात दिमालुरूपासून करावी. तो भुयारी ओढा जेमतेम ७५० मीटर लांबीचा आहे. गाडी बाहेर उभी करून, हातात विजेरी घेऊन, पाण्यातून चालत जावे लागते. तेवढ्या अंतरापुरते कंपनीच्या माणसाने मागे चालावे, बुनुबा वाटाड्याने पुढे व्हावे, आणि त्याचा मोबदला तिकिटातच धरलेला असावा.