बाकी शून्य, तरी थकबाकी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. हर्नियाची शस्त्रक्रिया झालेला एक शेतमजूर घरी जायला तयार होता. टाके कोरडे होते, जेवण सुरू झाले होते, डिस्चार्जच्या कागदावर दुपारी दोनलाच माझी सही झाली होती. हजार-दीड हजाराच्या बिलातला काही भाग योजनेतून जमा झाला होता. उरलेली रक्कम त्याच्या पुतण्याने मोबाइलवरून पैशापैशासह भरली. खिडकीतल्या पडद्यावर ‘बाकी ०.००’ असे स्वच्छ दिसत होते. तरी डिस्चार्ज कार्ड छापले जाईना. संगणकाचे म्हणणे एकच : थकबाकी आहे. गावाकडची शेवटची एसटी निघून गेली. त्याची खाट तोवर दुसऱ्याला दिलेली होती, म्हणून ती रात्र त्याने जमिनीवरच्या गादीवर काढली.

दुसऱ्या दिवशी संगणक कक्षातल्या तरुणाने कारण दाखवले. संगणकाच्या पोटात बाकी शून्य नव्हती. दशांशचिन्हानंतर बारा शून्ये आणि मग दोनाचा आकडा होता. पडदा दोनच घरे दाखवतो, म्हणून आपल्याला शून्य दिसले. नियम मात्र ‘बाकी तंतोतंत शून्य असेल तरच कार्ड’ असा लिहिलेला.

हे उरलेसुरले आले कुठून? आमच्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी पाठ केली होती. संगणकाची अपूर्णांकांची साधी पद्धत तशीच आहे. त्याला अर्धा, पाव, पावाचा अर्धा, त्याचा अर्धा एवढेच कळते. या तुकड्यांची कितीही बेरीज केली तरी नेमका दहावा हिस्सा होत नाही; जसे आपण एक तृतीयांश दशांशात लिहायला बसलो तर ०.३३३ च्या पुढे तीन संपतच नाहीत. म्हणून संगणक दहा पैसे, म्हणजे ०.१ रुपया, जवळपास लिहितो. ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ पेक्षा केसभर जास्त भरते. गंमत म्हणजे जुना सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया संगणकाला अचूक जमला असता. १ एप्रिल १९५७ पासून आपण शंभर पैशांचा रुपया स्वीकारला. तो माणसाला सोपा, संगणकाला अवघड.

केसभर चूक म्हणून सोडून द्यावे, तर ती साचते. कॅनडातल्या व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. प्रत्येक व्यवहारानंतर तिसऱ्या दशांशापुढचे आकडे छाटले जात. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक ५२४ वर घसरलेला दिसत होता. नीट मोजल्यावर तो १०९८ निघाला. आखाती युद्धात २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या धाहरान येथे अमेरिकेच्या क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणेने येणारे क्षेपणास्त्र अडवलेच नाही आणि २८ सैनिक मेले. ती यंत्रणा वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होती, आणि तिच्यातला ०.१ अपुरा होता. शंभर तास सलग चालल्यावर घड्याळात सुमारे एक तृतीयांश सेकंदाची चूक साचली होती.

पैशांपुरता उपाय जुना आणि सोपा आहे. रुपये अपूर्णांकात ठेवूच नयेत. सगळा हिशेब पूर्ण पैशांत करावा. बाराशे तीस रुपये दहा पैसे म्हणजे १,२३,०१० पैसे. पूर्णांकात संगणक चुकत नाही. किंवा दशांश हिशेबासाठीच बनवलेला खास प्रकार वापरावा. तो बहुतेक डेटाबेसमध्ये तयार असतो.

दुसरी गोष्ट, आकड्याबरोबर चलन ठेवावे. रुपयाचे १०० पैसे, कुवेती दिनाराचे १००० फिल्स, आणि जपानी येनला व्यवहारात सुटे नाणेच नाही. आखातातून घरी पैसे पाठवणाऱ्याच्या व्यवहारात ‘दोन दशांश’ गृहीत धरणारा प्रोग्राम दहापटीने चुकू शकतो. आम्हा डॉक्टरांना हे नवे नाही. इंग्लंडहून आलेल्या नातेवाइकाच्या रिपोर्टवर रक्तशर्करा ‘१२’ दिसली, तर इथल्या एककात तो माणूस बेशुद्धच असायला हवा. तिथल्या एककात मात्र ती आपली २१६ असते. एकक नसलेल्या आकड्यावर मी इन्सुलिन लिहीत नाही. संगणकानेही बिल लिहू नये.

तिसरी, वाटणीचा नियम आधी ठरवावा. शंभर रुपये तिघांत सारखे वाटले की प्रत्येकी ३३ रुपये ३३ पैसे होतात आणि एक पैसा उरतो. तो कोणाच्या खात्यात जाईल, हे लिहून ठेवले नाही तर संध्याकाळी रोकड जुळत नाही आणि कारकुनाला घरी जायला उशीर होतो.

हे प्रोग्रामरांनी पाहावे, डॉक्टरांना काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण आज रुग्णालयात बिल आणि औषधाची मात्रा एकाच पडद्यावरून जातात. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचे अंतर आहे. ‘.५’ हे घाईत ५ वाचले जाते आणि ‘५.०’ हे ५०. म्हणून आम्ही इंटर्नना ‘०.५’ आणि नुसते ‘५’ लिहायला शिकवतो. सॉफ्टवेअर विकत घेताना मात्र आम्ही रंगीत पडदे पाहतो आणि सही करतो.

माझे म्हणणे एवढेच की खरेदीच्या समितीतल्या प्रत्येकाने चार प्रश्न विचारावेत. रक्कम पूर्ण पैशांत ठेवता का? प्रत्येक आकड्याबरोबर चलन किंवा एकक आहे का? उरलेला पैसा कुठे जातो? आणि पडदा व संगणक यांचे जुळले नाही, तर खिडकीवरच्या माणसाला कारण नोंदवून पुढे जाण्याचा अधिकार आहे का? त्या संध्याकाळी आमच्या कारकुनाला तो असता, तर हर्नियाचा तो रुग्ण शेवटच्या एसटीने घरी पोहोचला असता.