थंड डोक्याचं काम

परवा रिलीजच्या रात्री मी आमच्या टीममधल्या नव्या पोरावर जाम भडकलो. "सर, एक बग..." एवढंच तो म्हणत होता. मी ऐकलंच नाही. सकाळी तोच बग क्लायंटला सापडला!

दुपारी कँटीनमध्ये तोंड लपवून 'मेटिस'बद्दल वाचत बसलो. चिलीत आर्माझोनेस डोंगरावर 39 मीटर आरशाची महादुर्बीण उभी राहतेय. 'मेटिस' हे तिच्यासाठीचं एक उपकरण, दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांची ऊब टिपणारं. करार झाला 2015 मध्ये. तेव्हापासून इंजिनिअर मंडळी त्यावर झटताहेत.

गोची अशी, की त्या अवरक्त प्रकाशात प्रत्येक गरम वस्तू चमकते. उपकरणच गरम असलं, तर त्याच्या स्वतःच्या उजेडात बिचारा ग्रह बुडालाच म्हणून समजा. म्हणून आतले आरसे निर्वात टाकीत उणे 200 अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचे. डिटेक्टर तर त्याहूनही थंड!

वाचता वाचता घास अडकला. त्या रात्री सगळ्यात तापलेलं यंत्र मीच होतो की, राव!

संध्याकाळी दोन कटिंग घेऊन त्याच्या डेस्कवर गेलो. सॉरी म्हटलं. "बोल, काय सांगत होतास?"

तो जरा घुटमळला. मग हळूच म्हणाला, "सर, अजून एक आहे..."