गिअरबॉक्स उघडण्यापूर्वी

भिवंडीहून माल आणणाऱ्या आपल्या व्यापारी बंधूंना चिंचोटी-कामण-अंजूरफाटा रस्त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. खड्डे, कंटेनरची रांग, आणि दर दोन मिनिटांनी पहिला गिअर. या रस्त्यावर कापडाच्या गठ्ठ्यांनी भरलेली गाडी चालली की सर्वांत आधी क्लच जातो. माझ्या जुन्या ओम्नीचाही गेला, आणि तोही ऐन ईदच्या मालाच्या दिवसांत.

क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, केबल, सगळे नवीन टाकले. दोन दिवस गाडी लोण्यासारखी चालली. तिसऱ्या दिवशी पहिला गिअर पडेना, आणि रिव्हर्स टाकताना दात वाजू लागले. गॅरेजमध्ये उभ्या उभ्या निकाल मिळाला, "शेठ, गिअरबॉक्स गेला, खोलावा लागेल." खर्चाचा आकडा क्लचच्या तिप्पट. मी संतापलो. भाड्याच्या टेंपोने माल आणला आणि होळी बाजारात अर्ध्या दुकानदारांना सांगून मोकळा झालो की मला लुबाडले.

शेवटी एका वयस्कर मिस्त्रींनी गाडी पाहिली. त्यांनी एकही बोल्ट उघडला नाही. इंजिन बंद करून गिअर टाकून पाहिले, सगळे सहज पडले. इंजिन चालू केले, पुन्हा अडले. "गिअरबॉक्स ठीक आहे, क्लच पूर्ण सुटत नाही," एवढेच म्हणाले. नवी केबल वापरात थोडी बसली होती, त्यामुळे पेडलचा मोकळा खेळ वाढला होता. नट फिरवून केबल बसवली, काम झाले. दहा मिनिटे लागली.

हा अनुभव लिहिण्याचे कारण असे, की दुरुस्तीनंतर उद्भवलेला दोष बहुतेक वेळा ज्याला हात लागला त्याच्याच आसपास असतो. म्हणून तपासणी बाहेरून आत आणि स्वस्तातून महागाकडे करावी. काही खुणा प्रत्येक गाडीवाल्याला माहीत असाव्यात.

इंजिन बंद असताना गिअर पडतात आणि चालू असताना सगळेच अडतात, तर आधी क्लचची केबल पाहावी. तेलावर चालणारा क्लच असेल तर पाइपात हवा राहिली आहे का ते पाहावे. प्लेट उलटी बसली तरी हेच होते. एकच गिअर वाजतो किंवा सुटून बाहेर येतो, तर मात्र दोष आत असण्याचा संभव जास्त. चढावर इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, तर क्लच घसरतो आहे. केबल जास्त ताणली गेली असेल किंवा प्लेटला तेल लागले असेल. पेडल दाबल्यावर आवाज येतो तो बहुधा रिलीज बेअरिंगचा. न्यूट्रलमध्ये येणारा आवाज पेडल दाबताच थांबतो, तर गिअरबॉक्सच्या पुढच्या शाफ्टचे बेअरिंग तपासावे. गाडी उचलताना मागून धक्का बसतो, तर प्रोपेलर शाफ्टचे बोल्ट नीट आवळले आहेत का आणि क्रॉस ठीक आहे का, ते पाहावे.

तेलाचीही तीच गोष्ट. ओम्नीसारख्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत गिअरबॉक्सचे तेल वेगळे आणि डिफरन्शियलचे वेगळे. घाईत एकाच डब्यातून दोन्हीकडे ओतले जाते. डिफरन्शियलला चालणारे जीएल-५ तेल गिअरबॉक्समधील पितळी रिंगांना नेहमीच मानवते असे नाही. गाडीच्या पुस्तकात जो नंबर दिला आहे तोच मागावा आणि डबा स्वतः पाहावा. आपल्या वसईत पाणी तुंबणे नवीन नाही. जुलै २०१८ मध्ये तर कित्येक गाड्या दिवसचे दिवस पाण्यात उभ्या होत्या. अशा पाण्यातून गाडी गेली असेल आणि तेल दुधाळ झाले असेल, तर आत पाणी शिरले आहे. तेल त्वरित बदलावे.

आता थोडे कारागीर बंधूंशी. आपल्यापैकी अनेकांचा चरितार्थ गॅरेजवर आहे, म्हणून हे तक्रार म्हणून नव्हे, सूचना म्हणून घ्यावे. चांगला शिंपी कच्चे टाके घालून ट्रायल घेतल्याशिवाय कोट देत नाही. क्लच-गिअरचे काम केल्यावर गाडी आठ दिवसांनी परत बोलवावी, केबल, बोल्ट, तेलाची पातळी पाहून द्यावी. ही तपासणी म्हणजे गिऱ्हाइकावर मेहेरबानी नव्हे, तो दुरुस्तीचाच भाग आहे. आणि "खोलावा लागेल" हे शब्द तपासणीनंतर यावेत, आधी नव्हे.

चूक माझीही होती. मी ना पक्के बिल घेतले, ना जुने सुटे भाग. कापडाच्या धंद्यात मीटरमीटरची चिठ्ठी ठेवणारा मी, गॅरेजमध्ये तोंडी बोलण्यावर निघून आलो. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये सदोष सेवेविरुद्ध दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. परंतु धंद्यासाठी घेतलेल्या सेवेला तो कायदा ग्राहकाचे संरक्षण देत नाही. माल वाहणाऱ्या गाडीबाबत हीच हरकत निघू शकते. म्हणून आपल्यासाठी कागदच पहिला वकील. बिलावर भागांची नावे, किलोमीटरचा आकडा आणि कामाची हमी किती दिवसांची, हे लिहून घ्यावे.

गाडी बिघडली तर पहिल्यांदा त्याच मिस्त्रीकडे जावे, शांतपणे लक्षणे सांगावीत आणि इंजिन बंद-चालू करून त्याच्यासमोर दाखवावीत. मी तसे न करता बाजारात बोभाटा केला. त्या मिस्त्रीचे हात वाईट नव्हते, घाई वाईट होती. नंतर ज्या ज्या दुकानात बोललो होतो, तिथे जाऊन शब्द मागे घ्यावे लागले. केबलचे काम दहा मिनिटांचे होते, त्याला मला पूर्ण दिवस लागला.